पावसानंतरचा उन्हाळा

आपल्याकडे उन्हाळा आधी येतो आणि पाऊस मागून. चैत्र-वैशाखाचे ऊन अंगावर घ्यावे, आंबे-फणस संपवावेत, विहिरीचा तळ दिसू लागावा आणि मृग लागता लागता पहिल्या सरीने मातीचा वास उठावा, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की, साऱ्या जगाचाच तो क्रम असावा असे लहानपणी वाटत असते. म्हणून भूगोलाच्या तासाला “जपानात पाऊस आधी पडतो आणि उन्हाळा नंतर येतो” असे सांगितले की वर्गात कोणीतरी हसते, आणि “मग त्यांना सुट्टी केव्हा?” हा प्रश्न तर ठरलेलाच. प्रश्न रास्त आहे. त्या सुट्टीत जपानी घरातील मुले, त्यांची आई, त्यांची आजी काय करतात, काय खातात, कशाला भितात, हेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम पावसाचे. जूनच्या सुमारास उत्तरेकडील थंड, ओलसर हवा आणि दक्षिणेकडील पॅसिफिक महासागरावरची उष्ण, दमट हवा यांची गाठ जपानच्या बेटांच्या माथ्यावर पडते. दोघींपैकी कोणीच लवकर मागे हटत नाही, आणि त्यांच्या सीमेवर ढगांचा एक लांबच लांब पट्टा पाच-सहा आठवडे तळ देऊन बसतो. या पावसाला ‘त्सुयु’ म्हणतात. तो शब्द ज्या चित्राक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘उमे फळांचा पाऊस’ असा होतो. कारण जर्दाळूच्या जातीचे ते आंबट फळ याच दिवसांत तयार होते. जुलैच्या उत्तरार्धात दक्षिणेच्या हवेची सरशी होते, ढगांचा पट्टा उत्तरेस सरकतो, आणि हवामान खाते प्रांताप्रांताने ‘त्सुयु संपला’ असे जाहीर करते. दुसऱ्या दिवसापासून जे ऊन तापते ते ऑगस्ट संपला तरी हटत नाही.

हे ऊन इंदूर-ग्वाल्हेरकडचे नव्हे. तेथल्या कोरड्या झळा अंग भाजतात, पण माठातले पाणी गार करतात. जपानचा उकाडा हा आम्हां गोव्या-कोकणातल्या माणसांच्या ओळखीचा, घामट, चिकट उकाडा आहे. घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. नुसता तापमापक पाहून उन्हाचा धोका कळत नाही तो यामुळेच. जपानमध्ये धोक्याचा जो अंक काढतात त्यात दहापैकी सात हिस्से वजन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला, दोन काळ्या गोळ्यातील तापमापकाला, आणि आपल्या नेहमीच्या कोरड्या तापमापकाला अवघा एक हिस्सा देतात. विज्ञानाच्या शिक्षकांना विचारून हा प्रयोग व्हरांड्यात सहज करून पाहता येईल.

पावसाचे हे आठवडे गृहिणीला कंटाळवाणे. कपडे वाळत नाहीत, कपाटात बुरशी धरते, भात लवकर विटतो. मुलांची सहल असली की ती पांढऱ्या फडक्याची एक बोडकी बाहुली करून खिडकीत टांगतात, आणि उद्या ऊन पडू दे म्हणून तिची विनवणी करतात. ७ जुलैला ‘तानाबाता’ नावाचा सण येतो. आकाशगंगेच्या दोन तीरांवर ताटातूट होऊन राहिलेली विणकरीण आणि गुराखी त्या रात्री वर्षातून एकदाच भेटतात, अशी कथा आहे. ती विणकरीण म्हणजे आपला अभिजित तारा आणि तो गुराखी म्हणजे श्रवण. मुले रंगीत कागदांच्या पट्ट्यांवर आपली इच्छा लिहून बांबूच्या फांदीला बांधतात. जुन्या पंचांगाप्रमाणे हा सण पाऊस सरल्यावर येत असे. नव्या पंचांगाने तो भर पावसात आणून ठेवला. त्यामुळे या प्रेमी जीवांची भेट पुष्कळदा ढगांआडच उरकते!

याच दिवसांत जुन्या वळणाच्या घरांतून उमे मिठात घालतात. फळांवर मीठ पसरून वर दगडाचे वजन ठेवावयाचे, पाणी सुटले की तांबड्या ‘शिसो’ची पाने घालावयाची, आणि पाऊस संपून कडक ऊन पडले की ती फळे सुपासारख्या टोपल्यांत पसरून तीन दिवस वाळवावयाची. या ‘उमेबोशी’चे वर्णन वाचताना गोव्यातल्या कोणाच्याही डोळ्यांपुढे चेपणीचे आंबे उभे राहतील. तेच मीठ, तोच दगड, तीच बरणी; आणि आपण पेजेबरोबर तो आंबा चोखतो, तद्वत् आजारी जपानी माणूस भाताच्या पेजेबरोबर उमेबोशी खातो. उन्हाळ्यात मुलांच्या डब्यातील भातावर एक उमेबोशी ठेवली म्हणजे भात लवकर विटत नाही, असा तेथील आयांचा जुना समज आहे.

आता घर पाहू. चौदाव्या शतकात योशिदा केन्को नावाचा एक भिक्षू होऊन गेला. ‘त्सुरेझुरेगुसा’ या त्याच्या ग्रंथात त्याने असे मत मांडले आहे की, घर बांधावे ते उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून. हिवाळ्यात माणूस कोठेही निभावून नेतो. जुनी जपानी घरे याच विचाराने बांधलेली दिसतात. जमीन ओलीपासून उचललेली, छपराच्या वळचणी लांब, खोल्यांच्या कडेने लाकडी पडवी, आणि खोल्यांमध्ये भिंतींऐवजी सरकते पडदे. क्योतो शहरातील जुन्या घरांतून उन्हाळ्याच्या तोंडाशी कागदी दारे काढून त्यांच्या जागी वेताची वा बोरूची दारे बसवितात, चटया बदलतात, दाराबाहेर ‘सुदारे’ म्हणजे बांबूच्या कामट्यांचे पडदे सोडतात. संध्याकाळी अंगणात व रस्त्यावर पाणी शिंपडतात. आपल्याकडचा सडा सकाळचा असतो. त्यांचा पहाटेचा किंवा तिन्हीसांजेचा. भर दुपारी मात्र शहाणा माणूस पाणी शिंपडीत नाही, कारण त्या वेळी गारवा तर मिळत नाहीच, उलट वाफेने जीव अधिकच कासावीस होतो.

वळचणीला ‘फूरिन’ नावाची काचेची किंवा लोखंडाची लहानशी घंटी टांगलेली असते. तिच्या लोलकाला कागदाची पट्टी बांधतात. वाऱ्याची झुळूक आली की पट्टी हलते आणि घंटी किणकिणते. घंटीने हवा गार होत नाही हे जपानी माणसाला आपल्याइतकेच ठाऊक आहे. पण झुळूक आली हे कानाला कळले तरी मनाला बरे वाटते. निळ्या रंगाची भांडी, काचेचे पेले, कुंडातले तांबडे मासे, सुती ‘युकाता’ ही सारी डोळ्यांना गारवा देणारी सामग्री. भुताखेतांच्या गोष्टीही जपानात हिवाळ्यातील शेकोटीभोवती नव्हे, तर उन्हाळ्यातल्या रात्री सांगण्याची चाल आहे. अंगावर काटा आला म्हणजे तेवढाच गारवा! आम्हांला ही कल्पना फार आवडली. आमच्या वसतिगृहातील मुलांना तिचा उपयोग करावयास हरकत नाही, मात्र दिवे मालविण्याची घंटा होण्यापूर्वी.

अर्थात अशा घरांत आज फार थोडे लोक राहतात. बहुतेक कुटुंबे शहरातील काँक्रीटच्या इमारतींत तीन-चार लहान खोल्यांतून राहतात. असे एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांपुढे आणू : तोक्योच्या उपनगरातील आई, वडील, पहिलीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. आजी दूर खेड्यात, जुन्या घरात, एकटी. अशी कुटुंबे तेथे हजारोंनी आहेत.

शाळेला सुट्टी लागते ती २० जुलैच्या आसपास, आणि ती सुमारे चाळीस दिवस चालते. पण सुट्टी लागली म्हणून मुलांनी उशिरापर्यंत लोळावे असे नाही. सकाळी साडेसहाला आकाशवाणीवर कवायत असते. ती १९२८ साली सुरू झाली. युद्धानंतर काही वर्षे बंद पडली, १९५१ साली पुन्हा सुरू झाली. मोहल्ल्यातील मुले डोळे चोळीत मैदानात जमतात, गळ्यात दोरीने अडकविलेले एक पुठ्ठ्याचे पत्र असते, आणि कवायत झाली की वडीलधारे कोणीतरी त्यावर त्या दिवसाचा शिक्का मारतात. सगळे शिक्के भरले की शेवटी वही-पेन्सिलीसारखे काही बक्षीस मिळते. शिक्क्यासाठी मुले उठतात, हे उघड आहे. पण उठतात हेही नसे थोडके.

घरी आल्यावर पहिले काम ‘मुगिचा’ पिण्याचे. हा चहा नव्हे. भाजलेला सातू पाण्यात उकळून ते पाणी शीतकपाटात गार केलेले असते. दिवसभर घरातील लहानथोर तेच पितात. दुपारच्या जेवणास ‘सोमेन’ : गव्हाच्या, सुतासारख्या बारीक शेवया उकडून बर्फाच्या पाण्यात टाकावयाच्या आणि गार रश्शात बुडवून खावयाच्या. आमच्या शिरवळ्यांचीच ही बहीण, मात्र नारळाच्या रसाऐवजी हिला सोयाबीनचा खारट रस्सा. काही ठिकाणी बांबू उभा चिरून त्याची पन्हळ करतात, तिच्यातून पाण्याबरोबर शेवया सोडतात, आणि दोन्ही बाजूंस उभी राहिलेली मुले काड्यांनी त्या धरून खातात. पन्हळीच्या शेवटास उभे राहणाऱ्याचे नशीब खोटे. जुलैअखेर एका ठरलेल्या दिवशी भाजलेली वाम मासळी खाण्याची रीत आहे. तिने उन्हाचा शिणवटा जातो असे मानतात. मुलांचा जीव मात्र ‘काकिगोरी’वर, म्हणजे किसलेल्या बर्फावर रंगीत पाक घालून देतात त्यावर. हा पदार्थ काही काल-परवाचा नाही. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी राजवाड्यातील सेई शोनागोन या विदुषीने आपल्या टिपणांच्या ग्रंथात नव्या धातूच्या वाटीतील किसलेल्या गोड बर्फाचा उल्लेख करून ठेवला आहे. तेव्हा तो केवळ श्रीमंतांना मिळे. आता जत्रेतील कोणत्याही पोराला मिळतो. त्याच जत्रेत ‘रामुने’ नावाचे सरबत मिळते, आणि त्याची बाटली पाहून आपली मुले ओरडतील : “हा तर गोटी सोडा!” खरोखरच तो गोटी सोडा आहे. १८७२ साली हायरम कॉड या इंग्रजाने पेटंट घेतलेली ती बाटली आपल्याकडे आली तशीच तिकडेही गेली, आणि ‘लेमोनेड’ या शब्दाचे जपानी जिभेवर ‘रामुने’ झाले.

दुसरी एक वस्तू मात्र उलट्या दिशेने, त्यांच्याकडून आपल्याकडे आली. आपल्या घरात संध्याकाळी डासांसाठी जी हिरवी वेटोळी उदबत्ती लावतात तिचा जन्म जपानातला. वाकायामा प्रांतातील उएयामा एइइचिरो या संत्री पिकविणाऱ्या घराण्यातील गृहस्थाने कीटकनाशक शेवंतीच्या फुलांची पूड वापरून १८९० साली डासांची उदबत्ती केली. ती सरळ काडीची होती व पाऊण तासाच्या आत संपत असे. रात्र कशी निघावी? १८९५ साली त्याच्या पत्नीने, युकी हिने, वेटोळे करण्याची कल्पना सुचविली; वेटोळे घालून बसलेला साप पाहून तिला ती सुचली असे सांगतात. १९०२ पासून वेटोळी उदबत्ती विक्रीस आली. लांबी वाढली, जागा वाढली नाही, आणि एक उदबत्ती रात्रभर पुरू लागली. जपानी घरांत ती चिनी मातीच्या डुकराच्या पोटात ठेवण्याची गमतीची पद्धत आहे. उन्हाळ्याचा वास कोणता असे जपानी माणसाला विचारले तर त्या धुराचे नाव तो बहुधा घेईल.

मुलांच्या सुट्टीतील खरे संकट म्हणजे गृहपाठ. रोजची चित्रमय दैनंदिनी, पुस्तक वाचून निबंध, गणिताची वही, आणि ‘स्वतंत्र अभ्यास’ : आपणच विषय निवडावयाचा, आपणच निरीक्षण करावयाचे आणि मोठ्या कागदावर मांडून सप्टेंबरात वर्गात आणावयाचे. पहिलीची मुले आपापली ‘आसागाओ’ची कुंडी सुट्टी लागण्यापूर्वी घरी आणतात. ही सकाळी फुलून दुपारी मिटणारी निळी-जांभळी वेलफुले. मुलीने रोज सकाळी किती फुले उमलली ते मोजावयाचे व लिहावयाचे. सहावीतल्या मुलाचे लक्ष कीटकांकडे. झाडाला चिकटून भर दुपारी कर्कश ओरडणाऱ्या ‘सेमी’ची पिल्ले जमिनीखाली कित्येक वर्षे काढतात आणि वर आल्यावर काही आठवड्यांत मरतात, त्यांनी टाकलेल्या कातींचा मुले संग्रह करतात. ‘काबुतोमुशी’ हा शिंगवाला भुंगा तर मुलांचा राजाच. आपल्या माडाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा हा त्याचाच कुळबंधू. पण येथे शेतकरी त्याला तारेने टोचून काढतो, आणि तेथे मुले त्याला पेटीत ठेवून फळांचा गोड रस भरवितात.

जाळे घेऊन कीटकांमागे धावण्याच्या या साध्या खेळावर एक दिवस काळाची छाया पडली. १७ जुलै २०१८ रोजी आइची प्रांतातील तोयोता शहरात पहिलीचा एक वर्ग जवळच्या उद्यानात कीटक पाहावयास गेला. परत येताना एक मुलगा थकल्याचे सांगत होता. वर्गात आल्यावर तो कोसळला, आणि उष्माघाताने दगावला. वर्गात पंखे होते. हवा थंड करणारे यंत्र नव्हते. तोवर शाळेत असे यंत्र बसविणे म्हणजे मुलांचे लाड, त्यांना ऊन सोसण्याची सवय हवी, असे म्हणणारे वडीलधारे लोक तेथेही होते. त्या वर्षी सरकारने खास निधी दिला. २०१८ साली प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या शंभरांतील सुमारे साठ वर्गखोल्यांत ही यंत्रे होती. २०२२ पर्यंत पंच्याण्णवांहून अधिक खोल्यांत ती बसली.

कारण ऊनच पूर्वीचे राहिले नव्हते. यामागाता शहरात १९३३ साली ४०.८ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि तो उच्चांक चौऱ्याहत्तर वर्षे कोणी मोडला नाही. २००७ साली तो मोडला. आणि मग २०१३, २०१८ असा मोडतच गेला. ५ ऑगस्ट २०२५ रोजी इसेसाकी येथे पारा ४१.८ वर पोहोचला. १८९८ पासूनच्या नोंदींत जपानचा सर्वांत तापलेला उन्हाळा म्हणून त्याच वर्षाची नोंद झाली. हवामान खाते पूर्वी २५ अंशांवरच्या दिवसाला ‘उन्हाळी दिवस’ व ३० वरच्याला ‘खरा उन्हाळी दिवस’ म्हणे. ३५ अंशांवरच्या दिवसासाठी ‘मोशोबी’ हा नवा शब्द २००७ साली योजावा लागला. शब्दकोशात नवा शब्द घालावा लागणे ही काही नेहमीच आनंदाची गोष्ट नसते.

आपल्या कुटुंबातील आईची काळजी मुलांपेक्षा आजीसाठी अधिक आहे, आणि ती रास्त आहे. २०१८ साली जपानात उष्माघाताने १,५८१ माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य वृद्ध होती, आणि पुष्कळ जण उन्हात नव्हे, तर स्वतःच्या घरात मेले. कित्येकांच्या घरी यंत्र होते, पण ते बंद होते. हे वाचून आश्चर्य वाटते. पण जरा विचार केला की आश्चर्य ओसरते. म्हातारपणी तहान लागल्याचे लवकर कळत नाही, उकाडाही कमी जाणवतो. शिवाय ही पिढी युद्धाच्या आणि त्यानंतरच्या टंचाईत वाढलेली. १९७० साली घर थंड करणारे यंत्र शंभरांतील दहा घरांतसुद्धा नव्हते. यांची सारी उमेद पंखा, सुदारे आणि हातपंखा यांवर निभावली. वस्तू वाया घालवू नये, वीज उगाच जाळू नये, हा संस्कार त्यांच्या हाडांत मुरलेला.

आणि तो संस्कार वाईट म्हणण्याची आमची छाती नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमाचे वीजकेंद्र निकामी झाले, विजेची टंचाई पडली, आणि त्या उन्हाळ्यात तोक्यो व ईशान्य जपानातील मोठ्या कारखान्यांना विजेची मागणी शेकडा पंधरांनी कमी करण्याचा आदेश निघाला. घरांनाही तेवढीच बचत करण्याची विनंती झाली. लोकांनी ती मानली. रेल्वे स्थानकांतले दिवे मंद झाले, सरकते जिने थांबले, कचेऱ्यांतून २८ अंशांची मर्यादा पाळली गेली. (गळपट्टी न लावता कचेरीत येण्याची मोकळीक सरकारने २००५ सालीच दिली होती, ती आता उपयोगी पडली.) घरोघरी आणि शाळाशाळांतून खिडक्यांबाहेर जाळ्या बांधून त्यांवर ‘गोया’चे वेल चढविले गेले. गोया म्हणजे आपले कारले! दक्षिणेच्या ओकिनावा बेटांवर ते फार खातात. आपण कारल्याचा मांडव आडवा घालतो, त्यांनी तो खिडकीपुढे उभा केला. पानांनी ऊन अडविले, हवा गाळून आत दिली, आणि वर भाजीही झाली. या ‘हिरव्या पडद्यां’ची चाल अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.

पण कारल्याचा वेल चाळीस अंशांपुढे किती पुरा पडणार? रात्रीही पारा २५ खाली उतरत नाही, तेव्हा सुदारेतून येणारी झुळूक हीच मुळी गरम असते. अशा वेळी आजीची काटकसर तिच्या जिवावर उठते. म्हणून सरकारनेच आता भाषा बदलली आहे. २०२१ पासून देशभर उष्माघाताचा इशारा दिला जातो. गावागावांतील ध्वनिक्षेपकांवरून, ज्यांवर एरवी भूकंपाची व वादळाची सूचना येते, त्यांवरूनच “यंत्र सुरू करा, पाणी प्या” असे सांगितले जाते. उपनगरातील आई रोज संध्याकाळी खेड्यात दूरध्वनी करते. “आई, यंत्र लावले आहे ना?” आजी म्हणते, “लावले आहे.” ते खरे की खोटे, हे दूरध्वनीवरून कसे कळावे?

ऑगस्टच्या १३ तारखेला मात्र ते कळते, कारण ‘ओबोन’साठी सारे कुटुंब आजीकडे येते. या चार दिवसांत पितर घरी येतात अशी श्रद्धा आहे. कचेऱ्या बंद होतात, आगगाड्या तुडुंब भरतात, महामार्गांवर मोटारींच्या मैलोगणती रांगा लागतात. पहिल्या संध्याकाळी दारापुढे लहानसा जाळ करून पितरांना वाट दाखवितात आणि १६ तारखेस तसाच जाळ करून निरोप देतात. देशाच्या पूर्वेकडील भागांत काकडीला आणि वांग्याला काड्यांचे पाय लावून देवघरापुढे ठेवतात. काकडी हा घोडा : पितरांनी त्यावरून धावत यावे. वांगे ही गाय : जाताना तिच्यावर बसून सावकाश, रेंगाळत जावे. रात्री गावाच्या चौकात लाकडी मचाणावर ढोल वाजतो, आणि युकाता नेसलेली लहानथोर माणसे त्याभोवती फेर धरून नाचतात.

आमच्या म्हाळाच्या दिवसांशी याचे साम्य कोणालाही दिसेल. पण हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. ओबोन हे ‘उराबोन’ या शब्दाचे लघुरूप, आणि ‘उराबोन’ हे संस्कृत ‘उल्लंबन’ या शब्दाचे रूपांतर होय, अशी परंपरागत व्युत्पत्ती आहे. कथाही आपल्या भूमीतली. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याने दिव्य दृष्टीने पाहिले तो त्याची आई प्रेतलोकात उपाशी होती. त्याने दिलेला घास तिच्या तोंडाशी जाताच पेट घेई. बुद्धाने त्याला वर्षावास संपताना भिक्षुसंघास अन्नदान करण्यास सांगितले आणि आईची सुटका झाली. ही कथा चीनमार्गे जपानात पोहोचली. आपण मौद्गल्यायनाचे नाव परीक्षेपुरतेही लक्षात ठेवीत नाही. जपानी भाषेत ‘मोकुरेन’ झालेला तो दर उन्हाळ्यात त्यांच्या घरी येतो.

ओबोनच्या याच दिवसांत १५ ऑगस्ट येतो. आपल्याकडे ध्वजवंदनाचा, खाऊचा दिवस. जपानात १९४५ च्या त्या दुपारी सम्राटाचा आवाज आकाशवाणीवर ऐकू आला आणि युद्ध संपले. त्या आधी ६ तारखेस हिरोशिमा व ९ तारखेस नागासाकी ही शहरे अणुबाँबने जळाली होती. आजही १५ तारखेस ठीक बारा वाजता कोशिएनच्या मैदानावर चाललेला हायस्कुलांचा बेसबॉल सामना थांबतो. खेळाडू टोप्या काढून उभे राहतात, आणि दूरचित्रवाणीपुढे कलिंगड खात बसलेली घरेही मिनिटभर गप्प होतात. ही स्पर्धा १९१५ पासूनची. भर उन्हात घाम गाळणे हेच तिचे भूषण समजले जाई. २०२४ साली तिच्या पहिल्या तीन दिवसांचे सामने सकाळ आणि संध्याकाळ असे विभागण्यात आले, मधली दुपार वगळून.

पंचांगाप्रमाणे ऑगस्टच्या ७ किंवा ८ तारखेलाच शरद ऋतू लागतो. तोवर आप्तेष्टांस पाठविलेल्या पत्रांत ‘भर उन्हाळ्यातील कुशल’ विचारतात. त्या दिवसापासून ‘उरलेल्या उन्हातील कुशल’ विचारावयाचे. पारा ३६ वर असला तरी शिष्टाचार म्हणजे शिष्टाचार.

मग उरतो तो गृहपाठ. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात घरोघरी दिवे उशिरापर्यंत जळतात. दैनंदिनीतील राहून गेलेल्या दिवसांची हवा काय होती हे वडील जुनी वृत्तपत्रे चाळून सांगतात, आई पुठ्ठ्यावर कागद चिकटविते, आणि मुलगा भुंग्याचे सहा पाय मोजून रंगवितो. आता काही गावांतून शाळा आठवडाभर आधीच उघडतात. पण पुष्कळ ठिकाणी अजून १ सप्टेंबर हाच दिवस. त्या दिवशी मुले वर्गात येतात ती लगेच बाकाखाली शिरतात. १९२३ साली याच तारखेस, दुपारचे बारा वाजण्यास दोन मिनिटे असताना, तोक्यो-योकोहामा परिसर भूकंपाने हादरला आणि एक लाखाहून अधिक माणसे मेली. त्याच्या स्मरणार्थ सराव असतो. सराव संपला की पहिलीची मुले आसागाओच्या सुकलेल्या बोंडांतले काळे बी मोजून कागदी पाकिटांत भरतात. पुढच्या एप्रिलात शाळेत नवी मुले येतील त्यांना ही पाकिटे द्यावयाची असतात.